फुलाफुलांच्या बाहीचं भूत

टाचणीबाईंना भुताखेतांची भीती कधीच वाटली नाही. आयुष्यात जेवढी भुतं त्यांनी पाहिली, तेवढ्यांचे झगे त्यांनी स्वतःच शिवले होते. भुताची छाती किती, उंची किती, भूत कुठल्या खांद्यात झुकतं, हे ज्या बाईला तोंडपाठ, तिला ते भूत काय घाबरवणार? स्टुडिओच्या कपडेपटात त्यांनी एकतीस वर्षं काढली. तोंडाच्या कोपऱ्यात दोन-तीन टाचण्या धरून बोलायची सवय, त्यावरून हे नाव पडलं. टाचण्या नसल्या तरी बोलणं टोचायचंच, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही नाव बदलायची गरज कुणाला वाटली नाही.

एके सकाळी त्यांना फोन आला. जुने सिनेमे साफसूफ करून पुन्हा नवे करणाऱ्या एका संस्थेतून एक मुलगी बोलत होती. पन्नास वर्षांपूर्वीचा तो भूतबंगल्याचा सिनेमा त्यांच्याकडे दुरुस्तीला आला होता, आणि त्यात काम केलेल्यांपैकी जे कुणी हयात असतील त्यांना काही विचारायचं होतं.

"मी हयात आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"फोन तुम्हीच उचललात ना, मावशी," मुलगी म्हणाली.

मुलगी बरी दिसते, असं ठरवून त्यांनी दुसऱ्या दिवशी यायचं कबूल केलं.

आता तो सिनेमा कसा होता ते सांगायला हवं, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काहीच बिघडलेलं नाही. एक नवं जोडपं एका जुन्या बंगल्यात राहायला येतं. पहिल्याच दिवशी दार आपोआप उघडतं, दिवे जातात, माळ्यावर कुणीतरी पाय आपटत चालतं, आणि एवढं होऊनही दोघं सामान सोडायला घेतात. नायिका दर दहा मिनिटांनी हातात मेणबत्ती घेऊन एकटीच तळघरात उतरते. कशाला उतरते हे लेखकाला माहीत नव्हतं, तिला माहीत नव्हतं आणि दिग्दर्शकाला तर विचारायचीही सोय नव्हती. दिग्दर्शकाचं नाव धूरसाहेब. पुढे काय करायचं ते सुचलं नाही की ते धूर सोडायला सांगत, आणि सुचायचं नाही असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. एकदा तर खुद्द भूतच खोकत खोकत सेटबाहेर आलं. बंगल्यातली मध्यरात्र दुपारी बारा ते चार चालायची, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.

हा बंगला बांधला होता मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे टाचणीबाईंचा नवरा, सेटवरचा सुतार. पुढून दगडी भिंत आणि मागून प्लायवूडला दिलेले टेकू, असा तो बंगला. पण मिस्त्रींनी तो अशा निगुतीनं उभा केला होता, की पावसापाण्यात चार वर्षं संसार करावा. तिथेच तर पंचाईत झाली. धूरसाहेबांना दारं करकरणारी हवी होती आणि मिस्त्रींच्या हातून करकरणारं दार होईना. बिजागऱ्या वाकड्या मारून झाल्या, तेल पुसून झालं, गंज शोधून आणून लावला. दार तरी मुकाट्यानं उघडायचं. शेवटी ध्वनिमुद्रण करणारा माणूस आपलं यंत्र घेऊन थेट मिस्त्रींच्या घरी गेला आणि त्यांच्या स्वतःच्या दाराची करकर टिपून घेऊन आला. कारण जगाची दारं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला घरच्या दाराकडे बघायला तेरा वर्षांत सवड झाली नव्हती.

ह्यावरून घरात भांडण पेटलं. आपली बेअब्रू आता गावोगावी, पडद्यावर, तिकीट लावून ऐकवणार, म्हणून टाचणीबाईंचं डोकं फिरलं. त्यात मिस्त्रींच्या कामावरच्या शर्टाची उजवी बाही मनगटाशी फाटलेली. "बाही बघा जरा, लोक काय म्हणतील," असं त्या म्हणाल्या, तर मिस्त्री हातातला रंधा न थांबवता म्हणाले, "मला कोण बघायला बसलंय?"

बस्स. टाचणीबाईंनी त्या रात्री शर्ट घेतला आणि नायिकेच्या फ्रॉकचं उरलेलं कापड, ही एवढाली फुलं असलेलं, त्या बाहीला ठिगळ म्हणून लावून टाकलं. रागाच्या भरात, पण टाके मात्र बारीक. शर्ट खुंटीला अडकवला, सकाळी एक शब्द न बोलता कामावर निघून गेल्या. संध्याकाळी मिस्त्री आले ते नुसत्या बनियनवर. शर्ट कुठे गेला ते त्यांनी सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. अबोला चार दिवस चालला, मग मिटला. शर्ट मात्र पुन्हा दिसला नाही. चिडून कुठेतरी फेकला असणार, असं टाचणीबाई पन्नास वर्षं धरून चालल्या होत्या.

शर्ट गेला त्याच दिवशी तो हात घडला.

प्रसंग असा होता की रिकामी झुलती खुर्ची आपोआप हलायला लागते. खुर्चीला मागून दोरी बांधलेली, पडद्यामागे मिस्त्री. कॅमेरा सुरू झाला आणि दोरी तुटली. आता गडी शहाणा असता तर गप्प बसला असता. पण काम अडलेलं मिस्त्रींना बघवायचं नाही. त्यांनी पडद्यातून हात बाहेर काढला, खुर्चीला हलकेच ढकललं आणि हात आत घेतला. त्या हाताचं करंगळीशेजारचं बोट निम्मंच होतं, तरुणपणी करवतीनं खाल्लेलं. धूरसाहेब तेव्हा धुराकडे बघत होते. हात सिनेमात गेला, आणि पहिल्याच खेळाला लोक किंचाळून खुर्च्यांवर चढले.

पुढे वर्तमानपत्रात लिहून आलं की अर्ध्या बोटाचा हा हात म्हणजे अपुऱ्या वासनेचं प्रतीक आहे. धूरसाहेबांना हे वाचल्यावर कळलं. आधी ते म्हणाले, हा हात मला स्वप्नात दिसला. मग म्हणाले, मेणाचा करवून घेतला होता. मग वय वाढलं तसं धाडस वाढलं आणि मुलाखतींतून ते आवाज खाली आणून सांगायला लागले, "त्या दिवशी त्या पडद्यामागे कुणीही नव्हतं. तो हात कुणाचा, हे मला आजही माहीत नाही." ह्या एका वाक्यावर त्यांनी पुढची चाळीस वर्षं हार, शाली आणि व्याख्यानं मिळवली. त्यानंतर काढलेले सहा सिनेमे कुणी पाहिले नाहीत, पण हात पुरला.

मिस्त्री मात्र तो हात म्हणजे आपल्या कामाला लागलेला कलंक समजायचे. सुतारकाम दिसावं, सुतार दिसू नये, हे त्यांचं म्हणणं. "जन्मात एकदा चुकलो आणि तेच जगभर दाखवतायत," असं ते पुटपुटायचे आणि विषय बदलायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. स्टुडिओतल्या सगळ्या फोटोंमध्ये सेट आहे, नटनट्या आहेत, फोटो काढताना सुतारांना बाजूला व्हायला सांगायची पद्धत होती, त्यामुळे मिस्त्री कुठेच नाहीत. लग्नातला एक फोटो आहे, त्यात ते घाबरलेले दिसतात. काम करताना मिस्त्री कसे दिसायचे, हे जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि तेही धुरात.

फोनवरची मुलगी प्रत्यक्षात चष्मेवाली निघाली. तिच्या खोलीत अंधार, दोन मोठे पडदे आणि एक पंखा होता. पंखा मावशींच्या दिशेला वळवून तिनं कामाची रीत समजावून सांगितली. फिल्मवर नंतर पडलेलं जे असेल, ओरखडे, डाग, बुरशी, ते पुसायचं. कॅमेऱ्यासमोर तेव्हा खरोखर जे होतं ते तसंच ठेवायचं. आणि कॅमेऱ्यासमोर होतं पण चुकून आलेलं, ते पुसायचं असेल तर दिग्दर्शकानं "ही चूक होती" असं लेखी द्यायचं, आणि ते सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर दाखवायचं. उगाच इतिहास कुणी सोयीनं धुऊन काढू नये म्हणून.

"म्हणजे ठिगळ आधीचं की नंतरचं ते बघायचं," टाचणीबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच," चष्मेवाली म्हणाली आणि तिनं तो प्रसंग लावला.

आधी जुना: राखाडी धूर, त्यात पांढुरकं काहीतरी येतं आणि जातं. मग धुऊन काढलेला. टाचणीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. धूर आता धुरासारखा होता, आणि त्याच्या आरपार माणसाचा हात होता. नखात सरस. दोन बोटांमध्ये पेन्सिलीचा तुकडा, जो मिस्त्री झोपतानाही काढून ठेवायचे नाहीत. अर्धं बोट. आणि मनगटाशी, एवढाली फुलं.

त्यांनी घातला होता तो शर्ट. टाचणीबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते थांबवलं नाही. पन्नास वर्षं ज्याला मनातल्या मनात बोल लावला, तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं फुलाफुलांची बाही घालून कामावर गेला होता, सगळ्या सुतारांसमोर. सांगितलं कधी नाही. असा हा नवरा, ह्याला काय म्हणायचं.

"मावशी, तुम्ही ओळखता हा हात?" चष्मेवालीनं हळूच विचारलं.

"ओळखते म्हणजे? बाही मी शिवलीय."

चष्मेवालीचा चेहरा पडला. मग तिनं खरं काय ते सांगितलं. धूरसाहेबांनी परवा हे चित्र पाहिलं होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धुरात होता तोवर तो हात भुताचा होता. आता सरस लागलेली नखं आणि फुलाफुलांचं ठिगळ दिसल्यावर कोण घाबरणार? त्यांनी सांगितलं होतं, हात काढा. आणि आज दुपारी ते सही करायला येणार होते.

"चूक होती म्हणून?"

"नाही. डाग होता म्हणून. फिल्मवर नंतर पडलेला. तसं दिलं तर पडद्यावर काही दाखवावं लागत नाही. आणि मावशी, ते लोकांना सांगणार आहेत, की हात जसा आपोआप आला तसा आपोआप गेला."

टाचणीबाईंनी डोळे पुसले. नवरा हा बायकोच्या मनातला राग असतो, घरातली कटकट असतो, सगळं असतो. पण डाग? त्यांनी पाय खुर्चीवर घेतले आणि सांगितलं, "येऊ देत. मी बसलेय."

धूरसाहेब आले ते काठी टेकत, गळ्यात मफलर, उन्हाळा असूनही. पाठीमागे त्यांचा जावई फाईल घेऊन. टाचणीबाईंना त्यांनी ओळखलं नाही, मग ओळखल्यासारखं केलं. "अरे वा, कपडेपट," असं म्हणाले, जसं काही बाईच्या जागी कपाटच उभं आहे.

"साहेब, हात काढताय म्हणे," टाचणीबाई म्हणाल्या.

"कलेच्या दृष्टीनं आता त्याची गरज उरलेली नाही."

"कलेचं तुम्ही बघा. तो डाग होता असं लिहून देताय, त्याचं बोला. डागाला बोटं कशी आली?"

"धुरात माणसाला काहीही दिसतं," धूरसाहेब म्हणाले. ह्या एका विषयातला त्यांचा अधिकार मात्र कुणीही मान्य केला असता.

टाचणीबाईंनी चष्मेवालीला सांगितलं, नायिका जिन्यावर बेशुद्ध पडते ते लाव. ती सिनेमात अकरा वेळा बेशुद्ध पडते, त्यामुळे जरा शोधावं लागलं. मग एका पडद्यावर नायिकेचा फ्रॉक आणि दुसऱ्या पडद्यावर मनगट, असं शेजारी शेजारी आलं. तेच फूल. पाच पाकळ्या, मध्ये ठिपका, देठ डावीकडे. मनगटावरचं फूल कडेला दुमडलेलं, आणि दुमडीवर बारीक टाके, मोजून घ्यावेत असे.

"हे कापड मी कापलंय. फ्रॉक झाल्यावर वीतभर उरलं ते आमच्या ह्यांच्या बाहीला लावलं," टाचणीबाई म्हणाल्या. "फिल्मवर पडलेला डाग आधी कपडेपटात येऊन माप देऊन गेला होता का?"

जावई खोकला. चष्मेवालीनं फॉर्म पुढे केला आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, हे कॅमेऱ्यासमोर होतं असं आता सिद्ध झालंय, त्यामुळे 'डाग' लिहिता येणार नाही. 'चूक' लिहा. काढून टाकते. सुरुवातीला पडद्यावर येईल, की पडद्यामागच्या सुताराचा हात चुकून दिसला, दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून काढला."

धूरसाहेबांनी पेन उघडलं. चाळीस वर्षांची व्याख्यानं त्या पेनच्या टोकावर येऊन बसली. त्यांनी पेन मिटलं.

टाचणीबाईंना पक्कं माहीत होतं, मिस्त्री असते तर ते उठून म्हणाले असते, काढा हो, चूकच ती, आणा मी सही करतो. पण त्यांचं आयुष्यभर ऐकलं नव्हतं, ते आता गेल्यावर ऐकायला घेण्यात काही अर्थ नव्हता. त्या गप्प बसून राहिल्या.

"राहू दे हात," धूरसाहेब शेवटी म्हणाले. "बघू." आणि काठी टेकत निघून गेले. काही सुचलं नाही की ते धूर मागायचे, पण इथे तशी सोय नव्हती.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी तो सिनेमा मोठ्या पडद्यावर लागला. सहाशे खुर्च्यांचं थिएटर भरलं होतं. टाचणीबाईंना चष्मेवालीनं आपल्या शेजारी, तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. खेळाआधी सत्कार होता. आणि धूरसाहेबांनी मधल्या काळात वाट शोधली होती. माइक हातात घेऊन ते आवाज खाली आणत म्हणाले, "आज मी तुम्हाला एक गुपित सांगणार आहे. तो हात एका साध्या कामगाराचा होता. मीच तो मुद्दाम चौकटीत आणला. कष्टकरी माणसाला केलेलं ते माझं वंदन होतं. इतकी वर्षं मी बोललो नाही, कारण मला श्रेय नको होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवालीनं कपाळाला हात लावला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना कुणीतरी चिठ्ठी दिली असावी, कारण त्यांनी टाळ्या ओसरताच सांगितलं, की त्या कामगाराच्या पत्नी इथे आलेल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. माइक रांगेतून हातोहात तिसऱ्या रांगेत आला.

टाचणीबाई उठल्या. भाषण त्यांना येत नव्हतं आणि करायचंही नव्हतं.

"साहेब आधी म्हणायचे तेच खरं आहे," त्या म्हणाल्या. "त्या पडद्यामागे कुणीही नव्हतं. साहेबांच्या हिशेबी तिथे कधीच कुणी नव्हतं."

आणि माइक परत देऊन त्या खाली बसल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं. धूरसाहेब व्यासपीठावरून उतरले ते शाल खांद्यावर घ्यायची विसरून. दिवे गेले.

सुरुवातीला पडद्यावर आलं, की माइकची सावली आणि तळघरात राहिलेली चहाची किटली एवढ्या दोन चुका काढल्या आहेत. मग बंगला आला. दार करकरलं आणि थिएटरभर लोक शहारले. टाचणीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ते दार अजून तसंच होतं, सकाळी निघतानाही त्यांना खांद्यानं ढकलावं लागलं होतं. नायिका मेणबत्ती घेऊन उतरली, पडली, उठली, पुन्हा उतरली. आणि मग रिकामी खुर्ची आली.

पडदा हलला. हात बाहेर आला, सरस लागलेला, पेन्सिल धरलेला, खुर्चीला, तिच्यात कुणी लहान मूल बसलं असावं इतक्या हलकेच, ढकलून गेला. कुणी किंचाळलं नाही. मग पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, बाहीला फुलं आहेत बघ," आणि सगळं थिएटर हसलं. घाबरवायला काढलेल्या त्या सिनेमात पन्नास वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी माणसासारखं दिसलं होतं, आणि लोक मोकळेपणानं, ओळखीचं कुणी भेटावं तसे हसत होते. पहिल्या रांगेत धूरसाहेबांचा मफलर तेवढा हलत नव्हता.

टाचणीबाईही हसत होत्या. आपण रागानं घातलेले टाके घराच्या भिंतीएवढे मोठे होऊन समोर होते आणि एकही उसवलेला नव्हता, हे त्यांनी बघून घेतलं. मग हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

चष्मेवालीनं अंधारात त्यांचा हात धरला. "मावशी, काय झालं?"

"काही नाही गं," टाचणीबाई म्हणाल्या. "हा माणूस मला म्हणाला होता, मला कोण बघायला बसलंय."